कडीच्या डब्यावर माझं नाव

नाव नसलेलं भांडं माझ्या घरात टिकत नाही. म्हणजे मीच टिकू देत नाही. वाटी असो, उलथनं असो, नाहीतर कुकरचं झाकण, त्यावर माझं नाव हवंच. लेक लहान असताना म्हणायची, "आई, तू एक दिवस बाबांवर पण नाव टाकून आणशील." मी म्हणायचे, टाकलं असतं गं, पण हा माणूस कुणी पळवून नेईल असं काही वाटत नाही.

ही खोड माझ्या आईची. आई-बाबा नागपूरचे. राज्यांची फेरमांडणी झाली, नागपूरची राजधानी गेली आणि ऑफिसं भोपाळला हलली, तेव्हा बाबा फायलींच्या पेट्यांबरोबर इकडे आले. साधे कारकून. जाता का, म्हणून त्यांना कुणी विचारलं नव्हतं. वरून यादी आली, यादीत नाव होतं, निघाले. मरेपर्यंत हे सांगायचे आणि दर वेळी शेवट एकच, "मी काही नाही म्हटलं नसतं बाप्पा. पण विचारायचं तं होतं ना!" आम्ही भावंडं तोंड लपवून हसायचो. एवढ्याशा गोष्टीचं काय धरून बसायचं, असं वाटायचं.

तुलसी नगरच्या सरकारी क्वार्टरात आमच्या ओळीत दहा-बारा घरं अशीच, नागपूर-वर्धा-अमरावतीहून ऑफिसांबरोबर आलेली. कुणाकडे बारसं असो की सत्यनारायण, पातेली-पराती या घरातून त्या घरात फिरायच्या. परत येताना कुणाचं काय कुणाकडे गेलं याचा पत्ता नाही. म्हणून नाव. आणि दुसरा नियम असा की आलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही. घरात काही नसेल तर चिमूटभर साखर टाका, पण रिकामं नाही. शाळेतलं सगळं विसरले, हे दोन नियम विसरले नाही. त्यातल्याच एकाने मला माझ्या पोटच्या पोरीसमोर मान खाली घालायला लावली. तेच सांगायला बसलेय.

पुढे मीही सचिवालयात लागले, पस्तीस वर्षं फायली ढकलल्या आणि रिटायर झाले. नवरा मूळ पुण्याचा, इथल्या एका मोठ्या कारखान्यात इंजिनियर म्हणून आला आणि माझ्या तावडीत सापडला. घर शाहपुऱ्यात, तलावापासून पाच मिनिटांवर. एकुलती एक लेक, तीही उशिरा झालेली. तिला डॉक्टर व्हायचं होतं. इथला नंबर थोडक्यात हुकला म्हणून युक्रेनला गेली. तेव्हा इथून बरीच मुलं जायची. तो देश नकाशात कुठे आहे हे मी तिचं तिकीट काढल्यावर बघितलं, खोटं कशाला बोलू.

तिथे ती पूर्वेकडच्या एका शहरात राहायची. रशियाची सीमा तिथून अगदी जवळ. एका बाईच्या घरात खोली घेतली होती. बाई एकटी, उभं आयुष्य ट्राम चालवलेली. लेक तिला बाबुस्या म्हणायची, म्हणजे आजी. मी आपली म्हातारी म्हणते. ती माझ्याहून चारच वर्षांनी मोठी आहे हे नंतर कळलं, पण तोवर जिभेला सवय झाली होती.

युद्ध सुरू झालं तेव्हा लेक पाचव्या वर्षाला होती. ते दिवस मला सलग आठवत नाहीत. आठवतो तो फोनचा चार्जर, मी तो भिंतीतून कुणाला काढू देत नव्हते. लेक आणि म्हातारी तळघरात होत्या. पाचव्या की सहाव्या दिवशी कळलं, पश्चिमेकडे जाणाऱ्या गाडीत आपल्याकडच्या मुलांना जागा मिळतेय. म्हातारी तिच्याबरोबर स्टेशनपर्यंत चालत आली, चांगला दीड तास. गाडीच्या दारात तिने लेकीच्या हातात एक कडीचा डबा दिला, झाकण रुमालाने बांधलेलं. आत उकडलेले बटाटे, अंडी आणि पाव. लेक म्हणाली, तूही चल. "माझं घर आहे," म्हणाली म्हातारी, आणि आल्या वाटेने परत गेली.

दोन दिवस गाडीत आणि एक दिवस सीमेवरच्या रांगेत, पाच पोरांनी त्या डब्यातलं खाल्लं. भोपाळच्या विमानतळावर हार होते, कॅमेरे होते, आया पोरांच्या गळ्यात पडत होत्या. माझी पोर बाहेर आली ती डबा छातीशी धरून. बॅग वाटेत कुठेतरी गेली होती. ह्यांनी तिला जवळ घेतलं आणि हुंदके देऊन रडायला लागले. आणि मी काय बोलावं? "अगं बाई, हा तर आपल्याकडच्यासारखाच कडीचा डबा!" लेक हसली. आठ दिवसांत पहिल्यांदा हसले असं ती नंतर म्हणाली.

खरंच आपल्यासारखाच होता. तीनेक लिटरचा, अॅल्युमिनियमचा, पोटाला एक पोचा. तळाला रुपयाएवढी जागा कशाने तरी घासलेली, तेवढीच गुळगुळीत. करपलेलं खरवडलं असेल, असं माझ्या मनात आलं. मी तो स्वच्छ घासला, पुसला आणि माझ्या डब्यांच्या फळीवर ठेवला. वाटलं, आता हा आपल्या घरचा झाला.

कॉलेज फोनवर सुरू झालं. दुपारी लेक जेवणाच्या टेबलावर बसायची आणि तिकडून मॅडम शिकवायच्या, कधी तळघरातून, कधी गाडीतून. मधेच भोंगा वाजायचा. तो आवाज माझ्या स्वयंपाकघरात यायचा, कुकरच्या शिट्टीच्या वर. मॅडम म्हणायच्या, थांबा, आणि निघून जायच्या. लेक काळ्या पडद्यासमोर नखं कुरतडत बसायची. मी ओरडायचे, "नखं खाऊ नकोस, डॉक्टर होणार आहेस की उंदीर?" त्याशिवाय दुसरं काय बोलावं ते मला सुचत नसे.

रविवारी दुपारी म्हातारीचा फोन. तिला इंग्रजी तोडकंमोडकं, मला त्याहून मोडकं. लेक मधे दुभाषी. लेक पाणी प्यायला उठली की आमचा कारभार हातवाऱ्यांवर. मी कॅमेऱ्यासमोर दुधी धरायचे, ती बीट धरायची. मी कढीपत्त्याची डहाळी दाखवली तर तिने फोनलाच नाक लावलं. एकदा तिने विचारलं, "माझा डबा?" मी फळीवरून काढून दाखवला. तिने मान डोलावली. मी लेकीला म्हटलं, "तिला सांग, आमच्याकडे भांडं रिकामं परत देत नाहीत. येईल तेव्हा भरूनच येईल." म्हातारी खूप हसली. म्हणाली, मग मी वाट बघते.

इकडे आमच्या घरात दुसरंच युद्ध. ह्यांनी त्या काळात टीव्हीवरच्या सगळ्या चर्चा पाठ केल्या. संध्याकाळी तलावाच्या कडेला बाकावर रिटायर्ड मंडळींचा अड्डा बसतो, तिथे हे आमचे परराष्ट्रमंत्री. घरी आले की मला ऐकवायचे. "एका महासत्तेच्या दाराशी राहायचं आणि दुसऱ्या महासत्तेच्या गळ्यात गळा घालायचा, मग असं होणारच. लहान देशाने मधे नीट गुमान राहावं. बफर म्हणतात त्याला, बफर."

माझ्या डोक्यात तिडीक जायची. "अहो, त्या बफरने तुमच्या पोरीला बटाटे उकडून दिलेत!"

"भावना वेगळी, राजकारण वेगळं. तुला नाही कळायचं."

"हो ना, पस्तीस वर्षं सचिवालयात मी काय रांगोळ्या काढत होते!"

एकदा लेक बोलली. तिची मराठी अर्धी हिंदी, आणि चिडली की पाऊण. "बाबा, लहानाने दबून राहायचं ना? ठीक है. पण किती दबायचं? मतलब, कुठपर्यंत?" हे चहा घेत होते, तो गार होईपर्यंत ढवळत बसले. मला तेव्हा त्यांची दयाच आली. पोर तळघरात असताना त्यांच्या हातात करण्यासारखं काही नव्हतं. कारण सापडलं की माणसाला जरा झोप लागते, तसं त्यांनी ते कारण घट्ट धरलं होतं.

तर असा सगळा आव आणून बसलेली मी. आणि आता माझी अक्कल ऐका.

त्या वर्षी आमच्या मराठी मंडळींच्या गणपतीत एका दिवसाचा मसालेभात माझ्याकडे होता. मोठी पातेली पुरेनात म्हणून जास्तीचा भात त्या डब्यात न्यायचं ठरवलं. पण तिथे शंभर घरची भांडी. जीव घाबरला. म्हातारीचा डबा हरवला तर लेकीला काय तोंड दाखवू? दुसऱ्या कुणी याचा विचार करून डबा घरीच ठेवला असता. मी काय केलं? टी. टी. नगरच्या बाजारात माझं नेहमीचं भांड्यांचं दुकान आहे, तिथे गेले. दुकानदाराने मशीन हातात घेतलं, डबा उलटा केला आणि विचारलं, "दीदी, नाम कहाँ डालूँ?" आणि मी, कर्म माझं, त्या घासलेल्या गुळगुळीत जागेवर बोट ठेवलं. "यहीं डाल दो भैया, अच्छी साफ जगह है." टर्रर्र करून माझं नाव उमटलं. वर मी म्हटलं, छान झालं हो अक्षर.

डबा हरवला नाही. मसालेभाताची वाहवा झाली. मी रात्री डबा घासून ओट्यावर पालथा टाकला आणि झोपले.

सकाळी लेक चहा करायला आली. मी बाहेर कुंड्यांना पाणी घालत होते. आतून काही आवाज नाही. मी आत गेले तर ती डबा हातात धरून उभी.

"हे काय आहे?"

"नाव टाकून आणलं. हरवला असता म्हणजे?"

"आई, हा डबा आपला नाहीये."

"अगं, म्हणूनच ना! जपायला नको?"

ती खाली बसली, ओट्याला टेकून, फरशीवर. आणि मग तिने सांगितलं. त्या डब्याच्या तळाला पूर्वी छाप होता. एक मोठा देश होता, रशिया, युक्रेन हे सगळे त्याच्या पोटात होते, तेव्हाच्या कारखान्याचा छाप. म्हातारीच्या घरच्या सगळ्या भांड्यांना तो होता. तिला त्याचं काही वाटत नसे, भांडं ते भांडं. पण काही वर्षांमागे शेजारच्या रशियाने त्यांच्या देशाचा एक तुकडा बळकावला आणि वर म्हणाला, हे आमचंच होतं. त्या हिवाळ्यात म्हातारी कानस घेऊन बसली आणि तिने एकेका भांड्यावरचा छाप घासून काढला. पातेली, झाकणं, चमचेसुद्धा.

"तिने ती जागा साफ केली होती, आई. खुद के हाथ से. आणि तू बरोबर तिथेच आपलं नाव टाकलंस."

"मला काय माहीत होतं?"

"विचारलंस का तू? तिला नाही, मला तरी? बाबांना बोलतेस दिवसभर. तू पण तर तेच केलंस ना."

अहो, ऑफिसात मी भल्याभल्यांना गप्प केलंय. पण त्या सकाळी, माझ्या मनात वाईट काही नव्हतं, मी प्रेमानेच केलं, हे तोंडापर्यंत आलं आणि तिथेच अडकलं. मी कपबशा विसळायला घेतल्या. धुतलेल्याच होत्या त्या.

त्यानंतर दोन-तीन महिने डबा फळीवर होता, पण मी त्याच्याकडे बघत नसे. रविवारी म्हातारीचा फोन आला की मी कॅमेऱ्यासमोर जायचं टाळायचे, भाजी करपतेय म्हणून आत पळायचे. लेकीने तिला सांगितलं नव्हतं, मीही सांगितलं नाही. मला लाज वाटत होती, सरळ लाज.

मग हिवाळ्यात तिकडून बातमी आली. म्हातारीच्या इमारतीवर क्षेपणास्त्र पडलं. ती पाव आणायला गेली होती म्हणून वाचली. घरातलं काही राहिलं नाही. अंगावरचा कोट आणि हातातली पिशवी घेऊन ती पश्चिमेकडे बहिणीच्या गावी गेली. पुढच्या रविवारी फोनवर दिसली तर बहिणीचा स्वेटर घातलेला, बाह्या आखूड. रडली नाही. उलट मलाच म्हणाली, लेकीने सांगितलं ते असं, "बरं झालं डबा तुझ्याकडे दिला. माझ्या घरातली तेवढी एकच वस्तू आता राहिली आहे."

मी हो हो केलं, फोन लेकीच्या हातात दिला आणि देवघरासमोर जाऊन बसले. तिच्या अख्ख्या घरातलं एक भांडं या जगात उरलं होतं आणि त्याच्यावर माझं नाव होतं.

आणि वर लेकीने पुढचा बाँब टाकला. शेवटचं वर्ष म्हणजे वॉर्डातलं काम, ते फोनवर होत नाही, झालं तरी इथे कुणी मानणार नाही. तिच्या कॉलेजने पश्चिमेकडच्या एका शहरात वॉर्ड सुरू केले होते, तेच म्हातारीच्या बहिणीचं शहर. काही मुलं शेजारच्या देशातून बसने परत जात होती. "मी पण जातेय," लेक म्हणाली. "तिथेच राहीन, बाबुस्याकडे. आणि डबा पण नेईन."

"डोकं फिरलंय का तुझं?" हे एवढंच म्हणाले, आणि तिचा पासपोर्ट उचलून त्यांच्या कपाटात ठेवला. किल्ली खिशात. त्यांना मी इतक्या वर्षांत असं करताना पाहिलं नव्हतं. मला मनातून बरं वाटलं. मी काही शूर बाई नाही. पाच वर्षं गेली तर गेली, डॉक्टर नाही झाली तर नाही झाली, पोर जिवंत डोळ्यांसमोर असू दे, एवढंच मला हवं होतं. मी तिला तसं म्हटलंही. ती म्हणाली, "आई, तिकडे पण पेशंट आहेत, मॅडम आहेत, सगळे आहेत. मी एकटी काय काचेची आहे?" आणि तिने आमच्याशी बोलणं टाकलं. जेवायला यायची, ताट धुवून ठेवायची, खोलीत जायची. घरात तिघं माणसं आणि आवाज फक्त टीव्हीचा.

आठवड्याने मी डबा पिशवीत घातला आणि टी. टी. नगरला गेले. दुकानदाराला म्हटलं, भैया, हे नाव काढून द्या. तो माझ्याकडे बघतच राहिला. "दीदी, डालने की मशीन है. निकालने की नहीं होती." मग म्हणाला, घासावं लागेल, पण तळ पातळ झालाय, बघा. डबा घेऊन मी घरी आले.

मागच्या बाल्कनीत पाट घेऊन बसले आणि ह्यांच्या हत्यारांच्या पेटीतली कानस काढली. ती कशी धरायची तेही मला माहीत नव्हतं. किर्र किर्र आवाज ऐकून हे आले. मी वर बघितलं नाही. म्हटलं, "काही बोलू नका. मला करू द्या."

"कानस नको," हे म्हणाले. "पत्रा पातळ आहे, भोक पडेल." आत गेले, चष्मा आणि बारीक पॉलिश पेपर घेऊन आले आणि माझ्या शेजारी जमिनीवर बसले. गुडघे दुखतात त्यांचे, खाली कधी बसत नाहीत. "एका दिशेने घास. गोल नको." थोड्या वेळाने डबा माझ्या हातातून घेतला. ती दुपार आणि दुसरी दुपार आम्ही आळीपाळीने घासत होतो. टीव्ही बंद होता, बाकावरही हे गेले नाहीत. माझ्या नावाचं पहिलं अक्षर सगळ्यांत खोल गेलं होतं, ते जाईना.

"तिने हे सगळ्या भांड्यांचं केलं?" ह्यांनी मधेच विचारलं.

"चमचेसुद्धा."

"एकटीने?"

"एकटीच राहते ना ती."

हे बराच वेळ घासत राहिले. मग म्हणाले, "हात भरून आले असतील बिचारीचे." युद्ध सुरू झाल्यापासून त्या देशाबद्दल ते इतकं बोलले होते, पण त्यात हे असं काही कधी आलं नव्हतं. मी पदराने डोळे पुसले. म्हटलं, बारीक भुगा उडतोय.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डबा झाला. त्यांनी तो रांगोळीने घासून लखलखीत केला, धुतला, पुसला आणि जेवणाच्या टेबलावर ठेवला. मग कपाटाकडे गेले. किल्लीचा आवाज आला. पासपोर्ट आणून त्यांनी डब्याशेजारी ठेवला आणि लेकीच्या खोलीच्या दाराकडे तोंड करून, पण माझ्याशी बोलल्यासारखं, म्हणाले, "भांडं रिकामं देत नाहीत ना तुमच्याकडे? मग काय घालणार आहेस ते बघ." आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला. बराच वेळ तो चालू होता.

मी बेसनाचे लाडू केले. बेसन भाजताना दहा वेळा वाटलं, करपू दे मेलं, आपण नाही म्हणू या, अजून वेळ गेलेली नाही. पण हात थांबला नाही. लाडू वळून डब्यात भरले, गळ्यापर्यंत. झाकण लावलं आणि म्हातारीचाच रुमाल धुवून ठेवला होता, तो वर बांधला.

लेक गेली. स्टेशनवर मी शहाण्यासारखी वागले. गाडी सुटल्यावर मात्र प्लॅटफॉर्मवर मटकन बसले, आणि ह्यांनी मला उठवायला हात दिला तर तेच शेजारी बसले. हमाल विचारून गेला, कुणी आजारी आहे का?

ती पोचली त्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता. दुपारी फोन आला. आम्ही दोघं आधीच टेबलाशी बसलेलो. तिकडे एक छोटं स्वयंपाकघर, लेक, आणि आखूड बाह्यांच्या स्वेटरात म्हातारी. टेबलावर डबा. "आई, मी तिला सगळं सांगितलंय," लेक म्हणाली. "नावाचं पण."

म्हातारीने रुमाल सोडला नाही, झाकण उघडलं नाही. आधी डबा उचलून डोक्याच्या वर धरला आणि खालून तळ बघितला. त्या जागेवरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. मग कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी बोलली. लांबलचक नव्हतं, दोन वाक्यं असतील.

"अगं सांग ना, काय म्हणतेय? रागावलीय का?"

"नाही." लेक म्हणाली. "ती म्हणतेय, पुसलं कशाला? मला विचारलं असतं तर मीच म्हटलं असतं, घाल."

मला एकदम बाबा आठवले. तुलसी नगरच्या क्वार्टरच्या पायरीवर बसून तेच तेच सांगणारे बाबा, आणि तोंड लपवून हसणारे आम्ही. मी ह्यांच्याकडे बघितलं. ते मान खाली घालून टेबलावर बोटाने रेघा ओढत होते.

म्हातारीने आता रुमाल सोडला, झाकण काढलं, आत वाकून वास घेतला आणि डोळे मिटले. हात लाडवाकडे गेला, आणि तेवढ्यात भोंगा वाजला. तोच, माझ्या स्वयंपाकघरात यायचा तो. लेक म्हणाली, "आई, खाली जाऊन येतो. फोन राहू दे, बंद नको करू." खुर्च्या सरकल्याचा आवाज, दार, आणि मग काही नाही.

फोन कशाला तरी टेकवून ठेवलेला होता. समोर फक्त टेबल, उघडा डबा आणि दोन रिकाम्या खुर्च्या. आम्ही दोघं त्या डब्याकडे बघत बसलो. ह्यांनी टीव्हीचा रिमोट हातात घेतला नाही. कोण कुणाच्या दाराशी राहतं, कुणाचं काय चुकलं, काही बोलले नाहीत. मधे एकदा म्हणाले, "लख्ख दिसतोय अजून," आणि मी हो म्हटलं. बाहेर कुल्फीवाला घंटी वाजवत गेला. माझ्या हातात त्यांचा हात कधी आला मला कळलं नाही, आमचं तसं वय राहिलेलं नाही. लांब कुठेतरी धप्प असा आवाज झाला आणि डब्याचं झाकण टेबलावर जरासं थरथरलं. मी देवाचं नाव घ्यायला गेले तर तेही आठवेना.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. पाऊण तास असेल. मग दाराचा आवाज आला. कडेने एक हात आला, सुरकुतलेला, आखूड बाहीतून मनगट बाहेर आलेलं. त्याने डब्यातला एक लाडू उचलला. ह्यांनी माझा हात इतका आवळला की बांगडी रुतली. मागून दुसरा कुणी येईना.

मग दुसरा हात आला. नखं पार मुळापर्यंत कुरतडलेली. त्या नखांवरून मी जन्मभर ओरडले आहे, त्या दिवशी एक शब्द बोलले नाही.